तुकडी कोणती?

आपल्याकडे शाळकरी पोराला दोन प्रश्न विचारायची रीत आहे. पहिला, "कितवीत आहेस?" आणि दुसरा, "तुकडी कोणती?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना पाहुण्याचं सारं लक्ष चहाच्या कपाकडे असतं. दुसऱ्या उत्तरासाठी मात्र तो कप खाली ठेवतो. 'अ' म्हटलं की "वा, वा!" 'ब' म्हटलं की "असू दे, असू दे, तीही चांगलीच असते." आणि 'ड' म्हटलं की पाहुणा पंख्याकडे बघून म्हणतो, "उकाडा फार वाढलाय नाही यंदा?"

तसं बघायला गेलं तर ही अ-ब-क-ड कुठल्या भाषेची, हेच मला अजून उमगलेलं नाही. मराठीत अ नंतर आ येतो आणि क नंतर ख. इंग्रजी ए-बी-सी-डीला धोतर नेसवून कोणीतरी शाळेत आणून बसवलेलं दिसतं. पण एका बाबतीत हा गृहस्थ दयाळू असावा. त्याने ड पाशी थांबवलं. मराठी वर्णमालेत ड नंतर काय येतं ते आठवून बघा. ढ! ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकी सगळी अक्षरं बदलली, एकट्या ढ ने आपलं रूप सोडलं नाही, म्हणून न सुधारणाऱ्या पोराला 'ढ' म्हणतात, असं सांगतात. म्हणजे दहा वर्षांच्या पोराला गणित आलं नाही, तर आपण त्याला दोन हजार वर्षांत न बदलल्याचं सर्टिफिकेट देऊन मोकळे!

आमच्या शाळेत तुकड्या पाडायचं शास्त्र अगदी सोपं होतं. चौथीच्या वार्षिक परीक्षेचे गुण उतरत्या क्रमाने लावायचे आणि दर साठ मुलांनंतर पट्टीने रेघ मारायची. साठावा मुलगा हुशार आणि एकसष्टावा बेताचा. दोघांत फरक अर्ध्या मार्काचा, तोही बहुधा शुद्धलेखनातला. पण रेघ ती रेघ. वरच्या पोराला गणिताला हेडमास्तर, खालच्याला जे कोणी त्या तासाला मोकळे असतील ते. ड तुकडीला इतिहास, भूगोल आणि कवायत एकच सर शिकवत, आणि तिन्ही विषय ते शिट्टी वाजवूनच सुरू करत. प्रयोगशाळेचं दर्शन ड ला वर्षातून एकदाच, तेही बाकं उचलून ठेवायला. तपासणीला साहेब आले की त्यांना अ मध्ये नेत, ब च्या दारातून दाखवत, आणि क-ड कडे जायच्या वेळी नेमका नाश्ता तयार होई.

मी ब मध्ये होतो. अ मधली मुलं सायन्सला गेली, आम्ही कॉमर्सला आणि तिथून बँकेत. ब तुकडी म्हणजे देशाच्या काउंटरामागे बसणारा वर्ग. तक्रार नाही.

परवा धाकटीच्या शाळेत पालकसभा होती. विषय: पुढच्या वर्षापासून गुणांप्रमाणे तुकड्या पाडाव्यात काय? एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मिक्स वर्गात हुशार मुलांचं फार नुकसान होतं हो." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरे म्हणाले, "हुशार मुलांना वेग लागतो." पुन्हा माना. सभेला साठ-एक पालक होते आणि साठच्या साठ अ तुकडीचे. 'माझा मुलगा कच्चा आहे, त्याचं काय ते बोला,' असं म्हणणारा एकही माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. मग शेवटी एक बाई उठल्या. त्या सातवीला गणित शिकवतात. म्हणाल्या, "माझ्या वर्गात स्पर्धापरीक्षेची गणितं चुटकीसरशी सोडवणारी चार मुलं आहेत, आणि साधा भागाकार न येणारी बारा. मी पस्तीस मिनिटांत नेमकं कुणाला शिकवू, ते सांगा." यावर कोणालाच काही सुचेना, त्यामुळे चहा आला.

बाईंचा प्रश्न चहात बुडवण्यासारखा नाही. ग्रामीण भारतात पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही, असं 'असर'च्या पाहण्या वर्षानुवर्षं सांगताहेत. अशा वर्गात मास्तर मधल्या बाकाकडे बघून शिकवतो. पुढचा मुलगा जांभई देतो, कारण त्याला येतं. मागचाही देतो, कारण त्याला येत नाही. जांभई सारखीच. 'सगळ्यांना एकत्र बसवा' असं म्हणून आपण समतेचं पुण्य पदरात पाडून घेतो खरं, पण मागच्या बाकावरच्या पोराच्या पदरात काय पडतं? पंख्याखालची जागा, तीही मिळाली तर.

आता विद्वानांची साक्ष काढू. २००५ साली पश्चिम केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांत पहिलीच्या एकेका वर्गाचे दोन भाग केले. निम्म्या शाळांत गुण बघून, निम्म्यांत चिठ्ठ्या टाकून. दीड वर्षाने बघतात तो काय, गुणांप्रमाणे पाडलेल्या वर्गांत वरची मुलं तर सुधारलीच, पण खालचीही सुधारली! पालकसभेतल्या त्या गृहस्थांना हे कळलं तर ते पेढे वाटतील. पण थांबा. तिथे कोणत्या भागाला कोणते मास्तर, हेसुद्धा चिठ्ठ्या टाकूनच ठरवलं होतं. म्हणजे कच्च्या मुलांच्या वाट्याला शिट्टीवाले सर येतीलच, अशी सोय नव्हती. हेडमास्तर पक्क्यांना आणि शिट्टी कच्च्यांना, हा आपला शोध त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हता.

हा अभ्यास करणाऱ्यांपैकी एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अभिजित बॅनर्जींबरोबर २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींच्या आई मराठी, त्यामुळे आपण जमेल तेवढा हक्क तेव्हाच सांगून घेतला आहे. पण खरा हक्क सांगायचा तो दुसऱ्या गोष्टीवर. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने एक साधी युक्ती काढली, आणि बॅनर्जी-डुफ्लोंनी ती तपासून पाहिली. तिसरी ते पाचवीची मुलं दिवसातून तास-दोन तास इयत्ता विसरून बसवायची. अक्षरं येणारी एकीकडे, शब्द येणारी दुसरीकडे, गोष्ट वाचणारी तिसरीकडे. अक्षरवाल्याला शब्द जमला की तो उठून पलीकडे जायचा. तास संपला की सगळी पुन्हा आपापल्या वर्गात. गट आहे, पण तो दप्तरावर लिहिलेला नाही.

उलट टोक बघायचं तर सिंगापूर. तिथे माध्यमिक शाळेत शिरताना मुलांची एक्स्प्रेस आणि नॉर्मल अशी वाटणी करत. तिथे 'नॉर्मल' म्हणजे मागे पडलेला! पोरगं नॉर्मल आहे म्हणून आईबाप रडत असतील, असा देश जगात दुसरा नसेल. २०२४ मध्ये दाखल झालेल्या मुलांपासून त्यांनी ही वाटणी बंद केली. आता एकच मूल गणित वरच्या पातळीवर आणि भाषा खालच्या पातळीवर शिकू शकतं. फिनलंडने तर १९८५ मध्येच ही भानगड मिटवली.

माणसं वेगवेगळी असतात आणि त्यांची प्रतवारी लावावी लागते, हे मला बँकेतल्या माणसाला कोणी सांगायला नको. आमचा धंदाच तो. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए. मग सब-स्टँडर्ड, मग डाउटफुल, मग लॉस. सहकारी बँकांच्या अहवालात मालमत्तेला 'जिंदगी' म्हणतात, त्यामुळे मराठीत हे जरा जास्तच लागतं: अनुत्पादक जिंदगी, संशयित जिंदगी, बुडीत जिंदगी. पण आमच्याकडेसुद्धा दोन नियम आहेत. एक, थकबाकी पूर्ण भरली की खातं पुन्हा स्टँडर्ड. मागचं कोणी काढत बसत नाही. आणि दुसरा, खातं जितकं कमजोर, तितकी त्याच्यासाठी तरतूद जास्त. चांगल्या कर्जाला शेकडा अर्धा रुपयाही बाजूला ठेवावा लागत नाही. सब-स्टँडर्ड झालं की पंधरा. आता ही तरतूद बँकेच्या जिवासाठी असते, कर्जदाराच्या नव्हे, हे कबूल. तरी शाळेने एवढं केलं असतं! आमच्या शाळेत पाचवीला ड मध्ये गेलेला मुलगा दहावीपर्यंत ड मध्येच राहिला आणि तरतूद सगळी अ साठी झाली. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत अशी शाखा एक दिवस टिकायची नाही.

आमच्या वाड्यातला एक मित्र चौथीपर्यंत माझ्या बाकावर बसायचा. पाचवीला तो रेघेखाली गेला. आता तुम्हाला वाटेल, हा पुढे कारखानदार झाला आणि त्याने अ तुकडीतल्या चौघांना नोकरीला ठेवलं. गोष्टींत तसं होतं. हा मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. जळकी मोटर उघडून तारेचे फेरे, तारेची जाडी, वजन सगळं तोंडी सांगतो. दुकानासाठी घेतलेल्या कर्जाचा एकही हप्ता त्याने चुकवलेला नाही. महिन्यातून एकदा तो शाखेत येतो, पैसे काढायची स्लिप घेतो आणि कोरीच माझ्यापुढे सरकवतो. मी म्हणतो, "अरे, लिही की तूच." तो हसतो. "नको रे. तू ब चा. माझं काहीतरी चुकायचं." वय वर्षं पंचेचाळीस.

मग मी लिहितो. तो शेजारी उभा राहून अक्षरी रक्कम ओठांत पुटपुटत ताडून बघतो आणि खाली सही करतो, वळणदार, एका दमात. गेल्या महिन्यात सही झाल्यावर त्याने माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'स्लिप पूर्न भरून द्यावी.'

"यातला ण चुकलाय रे तुमचा," तो म्हणाला आणि पैसे मोजायला लागला.