एकही खाडा नाही

फिलिपिन्समधल्या बास्केटबॉलवेड्या माणसाला ७४४ हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. एलए टेनोरिओ २००६ साली तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे पीबीएमध्ये, आला आणि तिथून सलग ७४४ सामने खेळला. संघ बदलले, प्रशिक्षक बदलले, घोटे मुरगळले, ताप आले, पण खाडा एकही नाही. आधीचा विक्रम आल्विन पॅट्रिमोनिओचा होता, ५९६ सामन्यांचा. टेनोरिओने तो २०१९ मध्ये मागे टाकला. मग २०२३ च्या मार्चमध्ये दुखापतीमुळे ही मालिका तुटली, आणि त्याच महिन्यात त्याने जाहीर केलं की त्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय, तिसऱ्या स्टेजचा. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

त्याची मालिका आणि त्याचा आजार यांचा एकमेकांशी काही संबंध होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. न चुकता हजर राहणं हा सद्गुण आहे का? आणि असेल, तर ज्याला हजर राहणं जमत नाही तो माणूस कमी चांगला ठरतो का?

आधी थोडं त्या जगाबद्दल. पीबीए १९७५ मध्ये सुरू झाली, आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिथे संघांना शहरांची नावं नसतात, कंपन्यांची किंवा त्यांच्या मालाची असतात. टेनोरिओ ज्या संघामुळे घराघरात पोचला तो बारंगाय हिनेब्रा, म्हणजे एका जिनच्या ब्रँडचा संघ. पण प्रेम असं की जणू गावचं दैवत. या संघाचं ब्रीद आहे, 'नेव्हर से डाय'. ते ज्याच्यामुळे रुजलं तो रॉबर्ट जावोर्स्की. १९८५ मध्ये भर सामन्यात त्याच्या तोंडावर कोपर बसलं. तो हॉस्पिटलात गेला, ओठाला टाके घालून घेतले आणि परत येऊन खेळला. ही गोष्ट तिथे अजून सांगितली जाते. अशा संघात पावणेसहा फुटांच्या आसपासचा एक गार्ड वर्षानुवर्षं एकही सामना चुकवत नाही, तर लोक त्याला डोक्यावर घेणारच.

२०२० चं उदाहरण घ्या. कोविडमुळे सगळी स्पर्धा क्लार्क इथल्या बायो-बबलमध्ये झाली. टेनोरिओचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. तरी तो खेळला, मालिका टिकली, हिनेब्राने फिलिपिन कप जिंकला आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. हे वाचताना माझ्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. पहिली, काय माणूस आहे! दुसरी, आता पुढच्या वेळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या एखाद्या नवख्या पोराने 'मला विश्रांती हवी' म्हटलं, तर त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघतील?

ही दुसरी गोष्ट मला खेळापेक्षा ऑफिसमुळे जास्त टोचते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागे एका कंपनीत टीम मीटिंगमध्ये एका सहकाऱ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या, कारण त्याने डेंग्यूच्या तापातही रिलीज अडकू दिलं नाही. त्याच मीटिंगमध्ये एक मुलगी बसली होती. तिच्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं आणि त्या दोन दुपारी ती नसायची. तिचं काम कधी मागे राहिलं नाही. पण अप्रेझलमध्ये 'अव्हेलेबिलिटी' नावाचा रकाना होता आणि तिथे तिला कमी गुण मिळाले. कोणी तिला वाईट म्हटलं नव्हतं. फक्त दुसऱ्याला चांगलं म्हणताना वापरलेली फूटपट्टी तिलाही लावली गेली.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्ववेत्त्यांनी 'मॉरल लक' ही कल्पना मांडली. सोप्या भाषेत, आपण एखाद्याला चांगलं-वाईट ठरवतो तेव्हा ज्या गोष्टी त्याच्या हातातच नव्हत्या त्याही हिशेबात धरतो. ७४४ मध्ये टेनोरिओची शिस्त आहे, सराव आहे, दुखणं सोसणं आहे. पण त्यात न तुटलेले लिगामेंटही आहेत. तेवढीच शिस्त असलेल्या दुसऱ्या कुणाचा गुडघा पहिल्याच मोसमात गेला, तर त्याच्या नावावर कुठलाच आकडा नसतो. म्हणजे मालिकेचा आकडा चारित्र्य आणि नशीब यांची बेरीज दाखवतो, आणि त्यातलं कुठलं किती हे आकड्यावरून कधीच कळत नाही. डेंग्यूवाल्याच्या टाळ्यांचंही तेच. आजारी वडिलांना सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, एवढंच.

माझ्या धंद्यात एक जुनी फुशारकी होती, अपटाइमची. 'आमचा सर्व्हर हजार दिवस बंद पडलेला नाही.' आता असं कुणी सांगितलं की जाणकार आधी काळजीत पडतो. हजार दिवस बंद झाला नाही म्हणजे बहुतेक कर्नल अपडेट केल्यावर लागणारा रीस्टार्टही झालेला नाही, म्हणजे सुरक्षेची भोकं तशीच उघडी. शिवाय तो उद्या बसला तर काय होईल हे कुणी तपासलेलंच नाही. म्हणून आता आम्ही उलटं करतो. कुठलंही एक मशीन कधीही बंद पडेल असं धरूनच सिस्टिम बांधतो. भरवशाचं व्हायचं असतं ते संपूर्ण सिस्टिमने. मशीनच्या बाबतीत जे शहाणपण आम्हाला कळलं, ते माणसांच्या बाबतीत का कळत नाही?

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळेच असा विचार करू लागले तर हजर कोण राहणार? सोसून येणाऱ्या माणसांमुळेच जग चालतं, आणि त्यांचं कौतुकही करायचं नाही का? करायचं, जरूर करायचं. प्रशिक्षकाला 'टेनोरिओ आहे' या गृहीतावर संघ उभा करता येतो, ही छोटी गोष्ट नाही. भरवसा म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावरची एक चिंता कमी करणं. आणि तो एका दिवसात मिळत नाही, सवयीनेच कमवावा लागतो.

पण आपल्याकडे नेम ही गोष्ट आहे, तिच्याकडे बघा. घरातली रोजची पूजा चुकवायची नाही हा नेम असतो. तरी करणारा आजारी पडला, सुतक आलं, तर दुसरं कुणीतरी करतं आणि नेम मोडला असं कुणी म्हणत नाही. कारण नेम घराचा असतो, एका माणसाचा नसतो. ड्युओलिंगोसारख्या ॲपनेसुद्धा 'स्ट्रीक फ्रीझ' ठेवलंय. एक दिवस चुकला तरी मालिका चालू राहावी, एवढी मुभा एका ॲपला सुचली. माणसांनी बांधलेल्या ऑफिसला ती सुचायला हरकत नसावी.

म्हणजे फरक करायचा तो कौतुक आणि अट यांच्यात. कुणी सोसून आला, तर ते त्याने दिलेलं दान. दानाबद्दल आभार मानायचे असतात, ते सगळ्यांकडून वसूल करायचं नसतं. ज्या दिवशी दानाची अट होते, त्या दिवशी देणाऱ्याचा मोठेपणाही संपतो, कारण मग त्याने फक्त नियम पाळलेला असतो.

'नेव्हर से डाय' बद्दलही हेच. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पार पडल्यावर टेनोरिओ पुन्हा हिनेब्राकडून खेळला. लोक म्हणाले, लढला आणि जिंकला. आनंद खरा आहे. पण या वाक्याला एक सावली आहे. जे याच आजाराने गेले ते काय कमी लढले? ज्यांच्या घरातून असं कुणी गेलंय त्यांना हे वाक्य कसं ऐकू येत असेल? ब्रीदवाक्य गाठ लवकर सापडण्याची, औषध लागू पडण्याची, उपचार परवडण्याची हमी देत नाही. ते फक्त एवढंच सांगू शकतं की शेवटच्या मिनिटापर्यंत खेळ सोडू नका. ते मात्र जगलेल्यांनीही केलेलं असतं आणि गेलेल्यांनीही.

मला या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग ७४४ नंतरचा वाटतो. त्या मोसमात टेनोरिओशिवाय हिनेब्रा खेळत राहिला, गव्हर्नर्स कपच्या अंतिम फेरीत पोचला आणि तिथे टीएनटीकडून ४-२ असा हरला. आकाश कोसळलं नाही. आणि तो बरा होऊन आला तेव्हा त्याची जागा होती. इतकी वर्षं हजर राहणारा माणूस मोठा, यात शंका नाही. पण ज्याच्या गैरहजेरीत जागा राखून ठेवली जाते, असा संघ बांधणं हे त्याहून अवघड काम आहे. ते मात्र एकट्याच्या जिद्दीने होत नाही, बाकीच्या सगळ्यांनी मिळून करावं लागतं.