तोडणाऱ्यालाही तीच सावली



आजचं वाचन: गीता, अध्याय १२, श्लोक १८ आणि त्यावरच्या माउलींच्या ओव्या.

या श्लोकात भगवंत भक्ताचं लक्षण सांगतात. शत्रू आणि मित्र, मान आणि अपमान, थंडी आणि ऊन, हे सगळं त्याला सारखंच. वाचायला सोपं आहे, पण सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये जगून बघा! म्हणून माउली आपल्या रोजच्या बघण्यातले दाखले देतात. दिवा घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार असा भेद करत नाही. ऊस वाढवणाऱ्याला गोड लागतो, आणि चरकात पिळणाऱ्यालाही गोडच लागतो. आणि झाड? ज्यानं लावलं त्याला जी सावली, तीच तोडायला आलेल्यालाही.

हा भाग मी कितीतरी वेळा वाचला होता. तो कळला मात्र या मे महिन्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

कोथरूडमधली आमची जुनी तीन मजली इमारत. कंपाउंडला लागून एक मोठा गुलमोहर. हे झाड मूळचं मादागास्करचं. फुलतं सुंदर, पण लाकूड ठिसूळ, त्यामुळे वादळी पावसात फांद्या मोडायची भीती असतेच. आमच्या गुलमोहराच्या दोन जड, वाळलेल्या फांद्या स्कूटरच्या जागेवर झुकल्या होत्या, आणि तिथेच संध्याकाळी मुलं खेळतात. मीटिंगमध्ये काही जण म्हणाले, "अख्खं झाडच काढून टाका, गाड्यांवर कचरा पडतो." तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "झाडाला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे." कमिटीत मी सगळ्यात लहान, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

चौकशी केल्यावर कळलं की झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं तरी आपली मर्जी चालत नाही. १९७५ पासून राज्यात शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. पूर्ण झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी, आणि त्याआधी झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवतात. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' मानलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची असतात. हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर अख्खं झाड काढायचा विषय संपला. अर्ज केला, पाहणी झाली, दोन फांद्यांची परवानगी आली.

मग छाटणीवाले मामा आले. वर एक मुलगा, खाली दोराला दोन माणसं, सहा हजार. मी म्हटलं, "मामा, खाली एकच माणूस आणा. गेटवर आमचे वॉचमन काका उभे राहतील. साडेचार करा." मामा म्हणाले, "साहेब, दोराला दोघं लागतातच." मी म्हटलं, "फांदी केवढीशी आहे!" त्यांना काम हवं होतं, ते गप्प बसले. मी ग्रुपवर लिहिलं, 'दीड हजार वाचवले.' भराभर अंगठे आले.

त्या दिवशी मी बाल्कनीत चहा घेऊन उभा होतो. मुलगा बेल्ट लावून वर चढला. आधी त्यानं फांद्यांमध्ये घरटं नाही ना ते बघितलं. फांदीला दोर बांधला, खालून थोडं कापलं म्हणजे साल खोडापर्यंत सोलवटत नाही, आणि मग वरून करवत चालवली. पहिली फांदी अलगद खाली आली. दुसरी जड होती. दोर धरून मामा एकटेच. फांदी सुटली तसे ते दोन-तीन फूट फरफटत गेले, दोर हातातून सरकला, आणि झुललेली फांदी त्या मुलाच्या पायाखाली हातभर अंतरावर खोडावर आदळली. मुलाचा तोल गेला. बेल्टनं धरलं, म्हणून तो वाचला.

खाली पोचलो तेव्हा मामांचे तळवे सोलून निघाले होते. मला एक शब्द बोलले नाहीत. आजी मात्र हळद आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. झाडाला हात लावू नका म्हणणाऱ्या त्याच आजी. मामा आणि तो मुलगा गुलमोहराखाली बसले, आजी खुर्ची टाकून शेजारी बसल्या. सावली तिघांवर सारखीच होती.

मी तिथे उभा होतो आणि माउलींचा तो दाखला आठवत होतो. मी हे झाड लावलेलं नाही. करवतही माझ्या हातात नव्हती. मी फक्त हिशोब केला होता, आणि त्या हिशोबात माझ्या स्कूटरला जागा होती, त्या मुलाला नव्हती.

उरलेलं काम तिसरा माणूस येईपर्यंत थांबवलं. ठरलेले पूर्ण सहा हजार दिले, मामांना दवाखान्यात नेलं. ग्रुपवर झालेलं सगळं लिहिलं. या वेळी अंगठे आले नाहीत.

मंडळी, आळंदीची एक कथा तुम्हाला माहीत असेल. परंपरा सांगते की माउली नाथमहाराजांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाचं मूळ माझ्या गळ्याला लागलंय, येऊन काढ. नाथ आळंदीला गेले आणि मूळ बाजूला केलं. विचार करा, माउलींच्या गळ्याला त्रास देणारं झाड! पण नाथांनी झाड पाडलं नाही, टोचणारं मूळ तेवढं काढलं. आजही समाधीजवळ अजानवृक्षाखाली लोक ज्ञानेश्वरीचं पारायण करतात. आणि शके १५०६ मध्ये याच नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मध्ये शिरलेले चुकीचे पाठ काढले, ग्रंथ जपला.

किती काढायचं आणि काय राखायचं, हे कळायला समदृष्टी लागते. माझ्यात टोचणारं मूळ होतं 'स्वस्तात करून घेतलं' या अभिमानाचं. ते दुसऱ्याच्या गळ्याशी गेलं होतं आणि मला दिसत नव्हतं.

आजचा नेम छोटा आहे. घरी कामाला कुणी आलं, झाड छाटायला असो की टाकी धुवायला, तर किती माणसं लागतात हे त्यांनाच विचारायचं आणि ऐकायचं. पैसे त्यावरून ठरवायचे. आणि जेवायच्या वेळी त्यांना सावलीत जागा आहे ना, एवढं बघायचं.

माउली, झाडाला जे जमतं ते आम्हालाही जमू दे.

राम कृष्ण हरी!