राघूला जोडी आणायची का?

सोलापुरात साखर पेठेत आमच्या घरी आठ माणसं आणि एक राघू राहतो. आठ जणांत रिमोट एक, बाथरूम एक, पण राघूवर हक्क मात्र प्रत्येकाचा. काका त्याला मिरची देतो, काकू चहात बुडवलेलं बिस्कीट, सोनू त्याच्यासोबत रील्स काढते. आजी त्याच्याशी बोलते. म्हणजे खरंच बोलते, दिवसभर.

गेल्या उन्हाळ्यात तो स्वतःच्या छातीवरची पिसं उपटायला लागला. पक्ष्यांचे डॉक्टर हुडकण्यात आठवडा गेला. त्यांनी औषधापेक्षा प्रश्नच जास्त विचारले. पिंजरा कुठे असतो? खातो काय? झोपतो कधी? पिंजरा स्वयंपाकघराच्या दारात होता. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पोपट मरू शकतो, हे तेव्हा कळलं. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे त्याच्यासाठी रोजची भजी. त्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. आमच्याकडे शेवटची मालिका साडेअकराला संपते.

मग पिंजरा मधल्या खोलीत गेला. रात्री आठला वरून चादर (सोलापुरीच). शेवग्याचा पाला, गाजर, पेरू सुरू झालं. मिरची तेवढी राहिली. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, त्यामुळे ‘आपला राघू अस्सल सोलापुरी’ ही काकाची फुशारकी निकालात निघाली.

निम्मी पिसं परत आली. डॉक्टर म्हणाले, हा थव्यात राहणारा पक्षी, त्याला सोबत हवी. काकू लगेच म्हणाली, “मग जोडी आणू या की.”

मी तिथेच अडकलो.

कारण जोडी येणार कुठून? अकरा वर्षांपूर्वी काकाने हा बाजारातून पिशवीत घालून आणला, तेव्हा त्याला धड पिसंही नव्हती. कोणीतरी झाडाच्या ढोलीत हात घालून त्याला काढलं होतं. आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळतात ते ऑस्ट्रेलियातले बजरीगर. त्यांची गोष्ट वेगळी. राघूचा एकटेपणा आम्ही तयार केला, आणि आता तो घालवायला आणखी एक घरटं रिकामं करायचं? यात काळजी खरी आहे, म्हणूनच ती मला जास्त घाबरवते. निर्दयी माणूस दुसरा पोपट आणणार नाही.

गंमत बघा, मोहोळकडे मामाच्या शेतात ज्वारी दाण्यात आली की हेच राघू थव्याने उतरतात आणि मामा माळ्यावरून गोफण फिरवतो. मामाचं त्यांच्याशी भांडण आहे. आमचं प्रेम आहे. राघूच्या बाजूने विचार केला तर मला मामा परवडला.

मित्र म्हणतो, गच्चीवरून सोडून दे, विषय संपला. विषय माझा संपेल. अकरा वर्षं वाटीत खाल्लेल्या पक्ष्याला दाणा शोधता येत नाही, शिकरा ओळखता येत नाही. तेव्हा रस्ता एकच, वनविभागाला कळवायचं. पुढचं ते ठरवतील.

अडचण आजीची आहे. राघू आजोबांसारखा खोकतो. आजोबा गिरणीत होते. तो कोरडा, तीन टप्प्यांचा खोकला घरात आता फक्त राघूकडे आहे. पहाटे चादर काढली की तो आधी खोकतो, मग “चहा झाला का?” विचारतो. पोपट ज्यांच्यात राहतो त्यांचे आवाज उचलतो, कारण तोच त्याचा थवा. आपण त्याला करमणूक समजतो. आजीला हे कसं सांगायचं, याची मी महिनाभर तयारी केली.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “तुझे आजोबा गेले ते गेले. खोकल्याचं काय घेऊन बसलास?” मग बराच वेळ ती पिंजऱ्याकडे बघत राहिली. “पण तिथं याच्याशी कोण बोलेल?”

मला उत्तर देता आलं नाही. जोडी आणायची नाही, एवढं मात्र काकूनेही मान्य केलं. वनविभागाला फोन सोमवारी करायचं ठरलंय. आजीने पेरू आणायला सांगितलेत, “जरा जास्तीचेच आण.”