उजेड चांगला हवा

बारामतीला समुद्र नाही, ही उणीव मला निवृत्त होईपर्यंत कधी जाणवली नव्हती. मग मुलाने कॅमेरा पाठवला. कॅमेरा आला की किनारा लागतो, आणि किनारा म्हटला की आमच्याकडच्या माणसाने जायचे ते भिगवणला. उजनी धरणाचे पाणी तिथवर पसरले आहे. जलाशयाचे नाव यशवंतसागर. सागर निदान नावात तरी आहे; आमचे तेवढ्यावर भागते.

गेली चार वर्षे मी कुंभारगावच्या त्याच काठावर पहाटे जाऊन बसतो. "तेच पाणी, तेच पक्षी! रोज काय काढता?" असे आमच्या सौभाग्यवती विचारतात. फोटो जागेचा नसतो, उजेडाचा असतो, हे मी त्यांना समजावून सांगतो. सूर्य क्षितिजाशी असला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. निळा वाटेतच विखुरतो आणि तांबूस-सोनेरी तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. त्या उजेडात चिखलसुद्धा केशर घातलेल्या बासुंदीसारखा दिसतो. रोहित पक्ष्यांचे तर विचारूच नका.

"मग स्वतःचाही एक काढून घ्या त्या उजेडात," सौभाग्यवती म्हणाल्या.

चेष्टाच ती, पण मला लागली. लग्न जमवताना माझा फोटो असाच काढला होता. फोटोग्राफरने दिवा अशा खुबीने धरला, की माझे नाक सरळ दिसले. तो पाहूनच तिकडून होकार आला. म्हणजे मी फसवणूक केली की काय? धीर करून विचारलेच. "नाक तेवढं दिव्याचं होतं," उत्तर आले, "बाकीचं मी नंतर पाहून घेतलं."

पण सगळ्यांनाच नंतर पाहून घ्यायची सोय नसते.

एका जानेवारीत होडीतून निघालो होतो. सूर्य नुकता वर येत होता आणि नेमकी माझ्या चौकटीत जाळ्यांवर तरंगणारी प्लॅस्टिकची डबडी. नावाडी पन्नाशी ओलांडलेला. म्हटले, "मामा, होडी जरा डावीकडं घ्या. ती डबडी फोटोत नकोत."

"घेतो की. पर हळूच घ्यावी लागंल, हितं उथळ हाय. खाली आमचं खळं हाय."

'होतं' नव्हे, 'हाय'. धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि काठची गावे उठून वर गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार ओसरले की वर येते. ते पाहायला आपण डबे बांधून जातो; नवे पळसदेव मात्र पुणे-सोलापूर रस्त्यावर असूनही तिथे थांबत नाही.

"गावाचा एखादा फोटो आहे का हो?" मी विचारले.

"तवा कॅमेरा कुणाकडं व्हता? तुमी मे महिन्यात या. उजेड वाईट असतो, पर गाव दिसतं."

गेलो. भर दुपारची वेळ, पांढरेफटक ऊन, भेगाळलेला गाळ आणि जोत्याचे चार दगड. मामा एका दगडावर जाऊन बसले, घरातल्या ओट्यावर बसावे तसे. मी बटण दाबले. डोळे बारीक झालेले, नाकाखाली काळी सावली. कोणत्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद व्हावा असा फोटो. मामांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हां. हे आमचं."

तेव्हापासून विचार करतो आहे. चांगला उजेड काही खोटा नसतो. सूर्य रोज उगवतो आणि पाणी खरेच सोनेरी होते. शिवाय त्याच पाण्यावर इंदापूरचा ऊस उभा आहे, सोलापूरची तहान भागते. चहात दोन चमचे साखर घेणाऱ्या मी त्या पाण्याला नावे ठेवू नयेत. खोटेपणा उजेडात नसतोच. तो सुरू होतो, "मामा, होडी जरा डावीकडं घ्या," इथून. ज्याचे पोट त्या डबड्यांवर आहे, त्यालाच ती चौकटीबाहेर सारायला मी सांगत होतो.

अजूनही पहाटेच जातो. मे महिन्यातल्या दुपारची हौस मला नाही. फक्त होडी हलवायला सांगत नाही. परवाचा फोटो पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ती डबडी राहिली की!"

"राहू देत," मी म्हणालो. "त्यांचं नाकही आहे तसंच दिसू दे."