वाचलेला वेळ

सुधारणा ही नेहमी दुसऱ्याची करायची असते, असा माझा लहानपणापासून समज होता. वडील माझी करत, मी धाकट्या भावाची करत असे आणि धाकटा भाऊ मांजराची. मांजराने शेवटपर्यंत दाद दिली नाही. त्यामुळे १९९३ साली आमच्या कारखान्यात ‘कायझेन’ नावाचं प्रकरण आलं आणि यापुढे प्रत्येकाने रोज आपल्याच कामात थोडीथोडी सुधारणा करायची असं ठरलं, तेव्हा हॉलमध्ये एखाद्याच्या निधनाची बातमी यावी तशी शांतता पसरली.

शिकवायला बाहेरून एक व्याख्याते आले होते. त्यांनी सांगितलं, की टोयोटा कंपनीतल्या ताइची ओनो या गृहस्थांनी वाया जाण्याचे सात प्रकार ठरवून ठेवलेत आणि त्यांना जपानीत ‘मुदा’ म्हणतात. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघत बसणं, मालाची उगाच ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची नाहक हालचाल आणि बिघडलेला माल. यांतले सहा मला ऑफिसात सापडले आणि सातही घरी.

मी त्याच संध्याकाळी आमच्या हिला साठ्याचं तत्त्व समजावून दिलं. पाहुणे येतील म्हणून डबाभर पोहे भरून ठेवायचे नाहीत, पाहुणे आले की आणायचे. ही म्हणाली, “चालेल. तुम्ही गॅलरीत उभे राहा, पाहुणे कोपऱ्यावर दिसले की वाण्याकडे पळा.” आता गंमत बघा, ओनोंना नेमकी हीच कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली होती. गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलेल तेवढंच मागून भरायचं. आमच्या हिला ती सुपरमार्केट न बघताच कळली. फक्त पळणारा इसम मी होतो, एवढी एक त्रुटी राहिली.

असो. घरात डाळ शिजेना, तेव्हा मी स्टोअरकडे वळलो.

आमच्या स्टोअरमध्ये नाना नावाचे शिपाई होते. शॉपमध्ये बेअरिंग किंवा बोल्ट संपले, की फोरमन चिठ्ठी लिहायचा. नाना ती घेऊन स्टोअरला यायचे, तिथून सहीसाठी ऑफिसात, ऑफिसातून परत स्टोअरला आणि मग माल घेऊन शॉपला. ओनो म्हणे जमिनीवर खडूने वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात उभं करत आणि नुसतं बघत राहा म्हणत. मला वर्तुळात उभं राहायची लाज वाटली, म्हणून मी तीन दिवस खांबाआड उभा राहिलो आणि नानांची पावलं मोजली. दिवसाला साडेचार किलोमीटर भरले! त्यांची वाट मी नकाशावर पेन्सिलीने काढली, तर ताटलीत शेवया सांडाव्यात तसं काहीतरी झालं. मला तर पंढरपूर गवसल्याचा आनंद झाला.

उपाय सोपा होता. प्रत्येक वस्तूचे दोन खोके ठेवायचे. एक रिकामा झाला, की त्यातली पत्र्याची पाटी फळ्यावर लटकवायची. दिवसातून दोनदा ट्रॉली येईल, पाट्या बघेल, खोके भरेल. चिठ्ठी नाही, सही नाही, नाना नाहीत. महिन्याभरात काम रुळलं. बेअरिंगसाठी मशीन थांबणं बंद झालं. वर्षाच्या समारंभात मला प्रशस्तिपत्र आणि एक कॅसरोल मिळाला. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत नानाही टाळ्या वाजवत होते.

नानांना कोणी काढलं नाही, हे कंपनीच्या बाजूने सांगायला हवं. त्यांना फाटकाजवळ एक स्टूल दिलं. सकाळी आठ ते साडेचार नाना त्या स्टुलावर बसत आणि कोणीतरी काही काम सांगेल म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत. वाट बघणं हा ओनोंच्या यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा मुदा. म्हणजे मी शॉपमधून एक मुदा उपटला आणि फाटकाशी दुसरा लावला. तो कोणाला दिसला नाही, कारण नकाशा शॉपचा होता.

पगार कंपनी देते, तेव्हा वाचलेला वेळही कंपनीचाच, हे उत्तर मला पाठ होतं. पण ते स्टुलाशेजारून जाताना आठवत नसे. मग मी पुस्तकं चाळू लागलो. टोयोटाच्या मूळपुरुषाने, साकिची टोयोडांनी, धागा तुटला की आपोआप थांबणारा माग तयार केला होता. त्यामुळे मागावर डोळा ठेवायला माणूस लागेना आणि एकच जण कितीतरी माग सांभाळू लागला. मग बाकीचे कुठे गेले? व्याख्यात्यांनी आम्हाला कुठल्याही गोष्टीला पाच वेळा ‘का’ विचारायला शिकवलं होतं. ‘कुठे’ विचारायला शिकवलं नव्हतं. पुढे वाचलं, की १९५० साली टोयोटावरही कामगार कमी करायची पाळी आली, मोठा संप झाला आणि साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी अध्यक्षपद सोडलं. म्हणजे ‘कुठे’ हा प्रश्न त्यांना चांगला महागात पडला होता. आणि साधी गोष्ट आहे, आपणच सुचवलेल्या सुधारणेने आपली भाकरी जाणार असेल, तर माणूस ती सुचवेल कशाला?

शेवटी एक दिवस धीर करून स्टुलापाशी थांबलो. म्हटलं, “नाना, राग नाही ना आला?”

“राग कशाचा, साहेब? गुडघे दुखायचेच. आणि पाट्यांचं म्हणाल तर ते मी कधीच सांगितलं असतं. त्या चिठ्ठीवर ऑफिसात कोणी वाचूनसुद्धा सही करत नव्हतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“इचारलं कोनी?” एरवी माझ्याशी जपून शुद्ध बोलणारे नाना तेवढ्यापुरते गावच्या बोलीत गेले. मग म्हणाले, “तुम्ही खांबामागे उभे होता ना, तेव्हा वाटलं होतं विचाराल. म्हणजे ट्रॉलीचं पण सांगितलं असतं. ट्रॉली ढकलायला गुडघ्याला त्रास नसतो, उलट आधार होतो.”

तीन दिवस मी लपलो होतो आणि तीनही दिवस त्यांना दिसत होतो.

मी त्याच दिवशी सुधारणेचा नवा फॉर्म घेतला. ‘ट्रॉलीवर नानांची नेमणूक करावी’ इतकं लिहिलं आणि खालच्या रकान्यापाशी अडलो. ‘अपेक्षित बचत.’ ट्रॉलीवर ठेकेदाराचा एक पोरगा होता, वीस-एकवीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला. नाना आले तर तो जाणार आणि त्याला कोणी स्टूलही देणार नव्हतं. बचत मात्र भरघोस दिसली असती, कदाचित दुसरा कॅसरोलही मिळाला असता. फॉर्म तसाच खणात राहिला. या वेळी तरी त्या पोराला जाऊन विचारावं, असं मनात आलं होतं. पण काय विचारायचं?

चौदा महिन्यांनी नाना निवृत्त झाले. निरोप समारंभात मीच भाषण केलं, आणि त्यात साडेचार किलोमीटरचा उल्लेख आला तेव्हा नाना सगळ्यांत मोठ्याने हसले.

कॅसरोल अजून घरात आहे. पोळ्यांना त्यात पाणी सुटतं म्हणून तो पहिल्या आठवड्यातच माळ्यावर गेला. जपान्यांचे आवराआवरीचे पाच नियम आहेत, त्यांतला पहिलाच असा, की लागत नाही ते काढून टाका. दर दिवाळीला माळा आवरताना ही स्टुलावर चढून तो माझ्या हातात देते आणि विचारते, “या वर्षी टाकायचा ना?” मी तो फडक्याने पुसतो आणि परत वर देतो.