घाव कुणाचा?

पोराच्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला मुखेडच्या एका गॅरेजात गेलो होतो. बोल्ट निघाला, पण क्रँकची पुली गंजून शाफ्टला धरून बसलेली. मिस्त्री पोरगा म्हणाला, "काका, तेल सोडलंय. मुरू द्या. मग पुलर लावतो, सगळीकडून सारखी ओढून निघंल."

मला पेरणीची घाई. म्हणलं, "हाण की हातोडा!"

वडीलधाऱ्याचा शब्द त्याला मोडवेना. हाणला, अन् पुलीची कड तुटली. नव्या पुलीचे पैसे तो आपल्या मजुरीतून कापायला निघाला.

हातोडा त्याचा, पण घाई माझी. मग चूक कुणाची? पैसे मीच भरले. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला सांगितलेल्या कामाचा दोष सांगणाऱ्याच्याच पदरात पडला पाहिजे.