चंद्रोदयापर्यंतची शिल्लक

अंगारकी होती आणि आभाळ गच्च भरलेलं. साताऱ्याला मामांच्या गॅलरीत आम्ही दोघं चंद्राची वाट बघत बसलो होतो. आतून उकडीचा वास येत होता. मामा अडुसष्ट वर्षांचे, सहकारी बँकेत तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मनगटावर मुलाने पाठवलेला बँड, मांडीवर मोबाइल, मोबाइलमध्ये कॅलरी मोजणारं ॲप. मी पुण्यात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून अशा बाबतीत मला विचारायची घरात पद्धत आहे. ऐकायची नाही.

"माझा रोजचा कोटा पंधराशे," मामा म्हणाले. "आज आत्तापर्यंत गेले एक हजार नव्वद."

"उपासाच्या दिवशी?"

"साबुदाण्याची खिचडी दोनदा, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण कुणीतरी हिशोब घालूनच केलेली असणार. असो. राहिले ४१०. पण सकाळी मी अजिंक्यतारा चढून आलो. त्याचे बँडने दिले ४१२. ते मिळवले की शिल्लक ८२२. आता मला सांग, हे वरचे ४१२ माझे आहेत का?"

"माझे म्हणजे?"

"म्हणजे खाऊ का?"

मी विचारलं, ॲप सुरू करताना हालचालीच्या रकान्यात काय निवडलं होतं? 'हलकी हालचाल', मामा म्हणाले. मी बोटांवर गणित केलं. ७४ किलो वजन, १६८ सेंटिमीटर उंची, वय ६८. नुसतं पडून राहिलात तरी शरीराला दिवसाला साधारण १,४५५ कॅलरी लागतात. हलक्या हालचालीचे धरून होतात दोन हजार. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं म्हणून ॲपने त्यातले पाचशे कापले आणि पंधराशे हातावर ठेवले.

"म्हणजे तुमचं थोडं चालणं त्या पंधराशेत आधीच धरलंय," मी म्हटलं. "शिवाय बँडच्या ४१२ मध्ये बसून राहिला असतात तरी जळल्या असत्या त्याही कॅलरी आहेत. किलोमागे तासाला एक, असा ढोबळ हिशोब असतो. तुम्ही दीड तास गडावर होतात. शंभर-एकशेदहा तिथेच गेल्या."

मामांचा चेहरा पडला, पण रस वाढला. "एकच जमा दोनदा? रोजकीर्दीत हे सापडलं असतं तर मी त्या क्लार्कला उभा केला असता." मग जरा थांबून, "क्लार्क मीच. बँड आणि ॲप एकमेकांशी बोलेनात, म्हणून रोज संध्याकाळी आकडा हातानेच भरतो."

"आणि मुळात बँडला कॅलरी दिसतच नाही, मामा. त्याला हाताचं हलणं कळतं. हिरवा प्रकाश कातडीवर पाडून तो नाडी ओळखतो. बाकी तुमचं वय, वजन घेऊन केलेला अंदाज. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ साली सात यंत्रं तपासली. नाडी बहुतेकांनी ठीक सांगितली. कॅलरीच्या बाबतीत सगळ्यांत बरं यंत्र सरासरी २७ टक्के चुकलं, सगळ्यांत वाईट ९३ टक्के."

"आणि खाल्ल्याची बाजू?"

"ती तर तुम्हीच लिहिता."

"मी खोटी नोंद करत नाही," मामा ताडकन म्हणाले. "आयुष्यभर केली नाही."

"खोटी कुणीच करत नाही. १९९२ साली अमेरिकेत काही लठ्ठ माणसं अभ्यासली. आम्ही फार कमी खातो तरी वजन उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी खाणं जवळजवळ निम्म्याने कमी सांगितलं होतं आणि व्यायाम दीडपट. लबाडी म्हणून नव्हे. त्यांना तसंच आठवत होतं."

मामा गप्प झाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. "म्हणजे एका बाजूला चुकलेली जमा, दुसऱ्या बाजूला चुकलेले नावे, आणि मी वजाबाकीला शिल्लक म्हणतोय. आकडा ४१२ चा, चूक पाचशेची. अगं, तपासणीला गेलं की पहिल्यांदा तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, बघायची पद्धत. नव्या पोरांना वाटायचं, तेरीज जुळली म्हणजे शाखा स्वच्छ. काही नाही! एकाच्या खात्याचे दुसऱ्याच्या नावे टाकले तरी तेरीज जुळते. नोंदच केली नाही तरी जुळते. म्हणून मी आधी तिजोरी उघडायला लावायचो. नोटा मोज, मग वही दाखव."

"इथे तिजोरी कुठली?"

"वजनकाटा. पँटचा पट्टा. गडावर लागणारी धाप."

मला वाटलं, विषय संपला. शरीर ही रोकड आणि ॲप ही वही. दोन्हींत फरक पडला तर वही दुरुस्त करायची. मी तसं म्हटलंही. वर पदुआच्या सांतोरिओची गोष्ट सांगितली. हा इटालियन वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवायचा. तीसेक वर्षं त्याने स्वतःला, अन्नाला आणि जे बाहेर पडेल त्याला तोललं आणि १६१४ साली पुस्तक काढलं. आत गेलेल्याच्या मानाने बाहेर आलेलं फारच कमी भरायचं. हा फरक न दिसणाऱ्या घामाने जातो, असं त्याने लिहिलं.

"सस्पेन्स खात्यात टाकला म्हण ना," मामा खूष होऊन म्हणाले. "तीस वर्षं! माणूस तपासणी खात्यातला."

"पण जेवताना त्याला चव लागत असेल का?"

हा प्रश्न मी मामांना विचारला खरा, पण होता माझा. दोन वर्षं मीही बँड वापरला. रात्री पावणेबाराला दिवाणखान्यात येरझाऱ्या घालायचे, कारण दहा हजाराला सहाशे पावलं कमी असायची. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. यंत्राचं नाव म्हणून जन्मलेला आकडा माझ्या झोपेच्या आड येत होता. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी चालत होते. आणखी एक गोष्ट लाजेने सांगते. आईने केलेली मटकीची उसळ टाळून मी पाकिटातलं काहीतरी खायला लागले. पाकिटावर बारकोड असतो, एका झटक्यात नोंद होते. उसळीत किती खोबरं, किती तेल, कोण विचारत बसणार?

"म्हणून काढून टाकलास?"

"हो. भूक लागली की जेवायचं, पोट भरलं की उठायचं. शरीराला कळतं."

"तुझ्या शरीराला कळत असेल," मामा शांतपणे म्हणाले. "माझ्या शरीराला कधी विचारलंच नाही कुणी. ऐक. मी तपासणीला खेडोपाडी जायचो. सकाळी चेअरमनकडे पोहे, मग सेक्रेटरीकडे चहा, दुपारी कुणाच्या तरी मळ्यावर ताट. नको म्हटलं की साहेबांना राग आला, हिशोबात काहीतरी सापडलं, अशी कुजबुज. घरी आलो की तुझी मामी थांबलेली. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या आग्रहाने जेवलो. भूक म्हणजे काय ते मला माहीत नाही, फक्त जेवणाची वेळ माहीत आहे. आता कुणी वाढायला आलं की मी मोबाइल दाखवतो. 'कोटा संपला' म्हटलं की लोक हसतात आणि हात आवरतात. माझ्या 'नको'ला जी किंमत नव्हती, ती या डबड्याच्या 'नको'ला आहे. आकडा चुकीचा असेल. माझी सुटका खरी आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी २०१६ सालचा पिट्सबर्गचा अभ्यास काढला. ४७१ तरुण माणसं, दोन वर्षं. सगळ्यांना सारखाच आहार-व्यायामाचा सल्ला. पण निम्म्यांना मधूनच बँड दिला. बँडवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, बाकीच्यांचं ५.९.

"बँडवाल्यांचंही उतरलंच ना?" मामा म्हणाले. तपासणी अधिकारी.

"का कमी उतरलं असेल? मला वाटतं, तुमच्यासारखंच. चाललो, म्हणून हक्क झाला. गड चढणं ही कमाई, मोदक हा खर्च. गडावर गेलात तेव्हा धुकं होतं?"

"होतं. काय दिसत होतं! खालचं सातारा पार बुडालेलं."

"त्याचे किती मिळाले?"

मामा हसले, पण हरले नाहीत. "तेवढ्यासाठी गेलो नसतो गं. मी गेलो ४१२ साठी. धुकं वर फुकट मिळालं."

एवढ्यात मामी दारात आली. हाताला तांदळाची उकड लागलेली. इतका वेळ ती ऐकत होती हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुमच्या या वादात माझं एक लिहून घ्या," ती म्हणाली. "हे रोज ओट्याशी येऊन विचारतात, आमटीत तेल किती चमचे? गूळ किती? मी काय सांगू? हाताला कळतं तेवढं घालते. आता चमचा घेऊन मोजते. मोजलेल्या आमटीला चव येते, नाही असं नाही, पण ती करताना मला कुणीतरी मागे उभं आहे असं वाटतं. तपासणी यांच्या पोटाची चाललीय आणि साहेब शिरलेत माझ्या स्वयंपाकघरात."

मामा खुर्चीत सरळ झाले.

"आणि ते मनगटावरचं मीही एक दिवस बांधलं होतं," मामी पुढे म्हणाली. "कणीक मळताना पावलं वाढली. आणि मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले, हात हललेच नाहीत, तर ते म्हणे तुम्ही बसलाच होता." ती आत गेली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मला माझ्या उपदेशाची जरा शरम वाटली. आम्ही दोघं आकडा खरा की खोटा यावर भांडत होतो, आणि तो आकडा भरण्यासाठी रोज कुणाला हिशोब द्यावा लागतो, हे दोघांच्याही वहीत नव्हतं. तरी मामांचा मुद्दाही पुसला जात नव्हता. आग्रहातून सुटण्यासाठी त्यांना पंच लागत होता, आणि पंच घरात आला की तो सगळ्यांनाच शिट्टी वाजवतो.

"तिला विचारायचं नाही, असं ठरवलं तर?" मामा हळूच म्हणाले. "आमटीला अंदाजे आकडा टाकायचा."

"आधीही अंदाजेच होता."

"हो, पण मला मोजल्यासारखं वाटत होतं." त्यांनी घड्याळ बघितलं. "नऊ अडतीस. चला."

"चंद्र कुठे दिसलाय?"

"कालनिर्णयात नऊ अडतीस दिलाय. तो उगवला असणार. समोर जरंड्याचा डोंगर आहे, वर ढग. पंचांग डोंगर धरत नाही." मग माझ्याकडे रोखून बघत, "गेली चाळीस वर्षं पावसाळ्यातल्या संकष्ट्या आपण छापलेल्या आकड्यावर सोडतोय. तेव्हा नाही कुणी विचारलं, तुम्हाला दिसला का म्हणून."

"तो आकडा बरोबर असतो, मामा."

"बरोबर असतो, आणि चंद्र तरी दिसत नाही. जेवायला चल."

मोदक एकवीस होते. जेवताना मोबाइल गॅलरीतच राहिला होता. मामीने वाढलं, आम्ही खाल्लं, तुपाचा चमचा कुणी मोजला नाही.

साडेअकराला मी पाणी प्यायला उठले तर गॅलरीत उजेड. ढग फाटले होते आणि चंद्र जरंड्याच्या बराच वर आला होता. मामा त्याच्याकडे पाठ करून मोबाइलवर वाकलेले.

"४१२ काढून टाकले," मला बघून ते म्हणाले. "मोदक तीन लिहिलेत."

"पाच खाल्लेत. मी समोर होते."

"तीन माझे. दोन मामीच्या आग्रहाचे." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ते कुणाच्या नावे टाकू?"